दहा थेंब

सुकुमारनं तिन्ही बरण्या माझ्यापुढं ओळीनं मांडल्या आणि शेवटची जरा आपटूनच ठेवली. मी अजून खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती.

"बघ," तो म्हणाला. "कॉलेजात पोरांना शिकवतीस न्हवं? सांग आता, काय चुकलंय ते."

पहिल्या बरणीत गढूळ तपकिरी पाणी होतं. दुसऱ्या बरणीत वरचं पाणी निवळ आणि बुडाला काळा गाळ. तिसरीकडं तर मला बघवेना. पन्हाळ्याच्या उतारावरची लाल माती ढवळून भरावी तसलं काहीतरी होतं ते, आणि त्याला याच्या भाषेत चांदीचं औषधी पाणी म्हणायचं होतं. माझ्या तोंडाला कधी कुलूप नसतं. मी म्हटलं, हे जनावराच्या पुढं ठेवलं तर ते पण तोंड फिरवील. तू आण्णांना पाजलंस काय?

पाजलं नव्हतं. तेवढी अक्कल होती. आधीच्या महिन्यातलं, चांदीच्या पट्ट्यांत नुसती वीज सोडून केलेलं, ते पाजलं होतं, रोज दोन चमचे, आणि त्यात फडकं भिजवून पायाला गुंडाळलं होतं.

मी सांगलीहून सकाळच्या एसटीनं हुपरीला आले होते ती पाणी बघायला नाही, आण्णांना घेऊन जायला. आण्णा म्हणजे आमचे वडील. पन्नास वर्षं पैंजणाच्या कामात गेलेली, गावात त्यांच्या कानाला मान होता. चांदीचा तुकडा फरशीवर टाकला की आवाजावरून टंच, म्हणजे चांदी किती शुद्ध ते, सांगायचे, आणि शहरात जाऊन तपासून आणलं तरी फार तर अर्ध्याचा फरक निघायचा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, हात कापायला लागले, तरी कान शाबूत होते. साखरेचा आजार होताच. दोन महिन्यांपूर्वी आटणी चालू असताना वितळलेल्या चांदीचा एक थेंब उडून त्यांच्या उजव्या पायाच्या करंगळीवर पडला, आणि त्यांना कळलंच नाही. पायाला समजच राहिली नव्हती. मोजा काढताना माझ्या भावजयीनं, शैलानं, बघितलं तेव्हा बोट आतपर्यंत भाजलेलं होतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी आदल्या शनिवारी सांगितलं होतं की दोन बोटं काढावी लागतील, आणि ती याच आठवड्यात. उशीर केला तर घोट्यापासून, आणखी उशीर केला तर गुडघ्यापासून, आणि त्याही पुढं गेलं तर मग बोलायची गरज नाही. मला हे सगळं फोनवर शैलानं सांगितलं. सुकुमारनं सांगितलं नाही. त्यानं डॉक्टरांचा कागद देवाच्या कोनाड्यात, दिव्याच्या वातींच्या डब्याखाली ठेवून दिला होता.

आण्णा आतल्या सोप्यात खाटेवर होते. पाय उशीवर, वर पातळ धोतराचा तुकडा. मी तो तुकडा उचलला आणि परत ठेवला. वास आला होता. माझ्या बारावीच्या पोरांनी प्रयोगशाळेत काही सांडलं तरी मी नाक मुरडत नाही, पण त्या दिवशी मला दारापर्यंत जाऊन यावं लागलं.

"आण्णा, उठा," मी म्हटलं. "गाडी सांगितलीय मी. मिरजेच्या दवाखान्यात गुरुवारी खाट मिळालीय."

सुकुमार बोलला. तो बोलणारच होता.

त्याचं म्हणणं मी थोडक्यात सांगते, कारण थोडक्यात तो कधी बोलला नाही. मी म्हणे पाहुणी. दिवाळीला यायचं, पोळ्या खायच्या, दोन दिवस हुकूम सोडायचे आणि जायचं. अंथरूण तो बदलतो. आंघोळ तो घालतो. आई गेल्यापासून पंधरा वर्षं रात्री तीनदा उठून आण्णांना तो बाहेर नेतो. आणि मी आले की पहिलं वाक्य काय, तर पाय कापा. शिकलेल्या माणसांना कापायचीच घाई. त्यानं इंटरनेटवर बघितलं होतं, परदेशात लोक घरात चांदीचं पाणी करतात, जखमा भरतात, जंतू मरतात. त्याच्या तोंडातले फोड त्या पाण्यानं गेले होते. शेजारच्या चौगुल्यांचा नायटा गेला होता.

यातलं अंथरूण आणि आंघोळ खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, फोड आपोआप पण जातात, सुकुमार. बोट आपोआप येत नाही. आणि चांदी पोटात साठत गेली की कातडी निळीकाळी पडते, ती मेल्यावर पण तशीच राहते, हे त्या इंटरनेटवर बघितलंस का नाही?

तो म्हणाला, "तुला आण्णा जगायला नको आहेत. मोकळं व्हायचंय तुला."

मी त्याच्या कानाखाली वाजवणार होते. धाकटा भाऊ आहे, पन्नाशीचा असला तरी. शैला मध्ये आली, म्हणाली, आक्का, ते झोपले नाहीत, ऐकायला लागलेत.

आण्णा खरंच ऐकत होते. त्यांनी डोळे मिटलेले होते, पण हनुवटी आमच्या बाजूला वळलेली होती. त्यांनी खाटेच्या लाकडावर बोटानं दोनदा वाजवलं. कारखान्यात कारागिरांचा गलका झाला की ते ऐरणीवर असंच वाजवायचे, आणि सगळे गप्प व्हायचे. आम्ही पण झालो.

"पद्मजा," ते म्हणाले. "याचं पाणी बिघडतंय का बरं?"

मी म्हटलं, माप चुकतंय म्हणून.

"तू माप घे. आज. एकच भांडं. पाणी सोनेरी झालं, तर मी आठ दिवस घरात राहणार, तू तोंड उघडायचं नाही. काळं झालं, तर उद्या सकाळी तुझ्या गाडीत बसतो, यानं तोंड उघडायचं नाही."

सुकुमार लगेच हो म्हणाला. त्याला माझ्या हाताची खात्री होती, एवढं त्याच्याबद्दल म्हणायलाच पाहिजे. माझ्या मापाबद्दल आमच्या घरात कधी कुणी शंका घेतली नव्हती. माझ्या मात्र लक्षात आलं होतं. पाणी बिघडत होतं ते आडमापानं. मी नीट माप घेतलं तर ते सोनेरी होणार, हे मला पोरांच्या वहीतल्या उत्तरासारखं दिसत होतं. आणि ते सोनेरी झालं की आण्णा आठ दिवस त्या खाटेवर राहणार. आण्णांनी मला माझ्याच विद्येनं बांधून टाकलं होतं.

मी म्हटलं, आण्णा, असल्या पैजा लावायचं हे काम नव्हे. डॉक्टर काय म्हणाले ते पाण्याच्या रंगावर ठरत नाही.

"चांदी खोटं बोलत नाही," ते म्हणाले, आणि तोंड भिंतीकडं केलं.

पन्नास वर्षं जिनं खायला घातलं तिच्यावर त्यांचा विश्वास होता, माझ्यावर त्याच्या खालोखाल, आणि डॉक्टरवर कुठंच नव्हता.

सुकुमारनं सगळा संसार स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडला होता. काचेची बरणी, तिच्यात इन्व्हर्टरला घालतात ते शुद्ध पाणी, दोन बाजूंना चांदीच्या दोन पट्ट्या, आपल्याच कारखान्यातल्या, नव्व्याण्णवच्या वरच्या टंचाच्या. जुन्या लॅपटॉपचा चार्जर कापून त्याच्या तारा पट्ट्यांना लावलेल्या. पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा, म्हणजे वीज खेळते. इथपर्यंत पोरगं हुशार. वीज गेली की चांदी सुटून पाण्यात उतरते, ती डोळ्याला दिसत नाही. मग पाणी गरम करून त्यात साखरेच्या जातीचं काहीतरी थेंबाथेंबानं घालायचं. ते चांदीला परत धातूच्या रूपात आणतं, इतक्या बारीक कणांत की ते तळाला बसत नाहीत आणि पाणी पिवळं, सोनेरी दिसतं. पुस्तकात त्याला क्षपणक म्हणतात. सगळी गंमत त्या मापात. जास्त झालं किंवा कमी झालं की चांदी रुसते.

"तू काय घातलंस?" मी विचारलं.

इंटरनेटवरच्या कागदात मक्याचं सिरप लिहिलं होतं. ते हुपरीत कुठलं मिळायला? मध चालतो असंही लिहिलं होतं, पण आमच्या जैनाच्या घरात मध उंबऱ्याच्या आत येत नाही. तर यानं डोकं चालवलं. शिरोळच्या गुऱ्हाळातली काकवी आणली. सिरप म्हणजे काय, काकवीच की, देशी. आणि ती घातली आमटीच्या चमच्यानं, अर्धा चमचा एकदा, एक चमचा एकदा, आणि तिसऱ्यांदा दोन, कारण दोनदा फसलं म्हणजे कमी पडत असणार.

मी हसले. हसायला नको होतं, बाहेर आण्णांचा पाय तसा पडलेला असताना. पण काकवी. उसाचा सगळा मळ, चुना, क्षार आणि वर चमचा. सुकुमारचा चेहरा उतरला, मग तापला. त्याला आयुष्यभर माझं हसणंच जास्त लागलेलं आहे.

औषधाच्या दुकानातून ग्लुकोजची पुडी आणवली. त्यावरही वाद. साखरेच्या माणसाला ग्लुकोज पाजतीस होय? मी सांगितलं, पाच-दहा थेंबांत जेवढं ग्लुकोज जाणार तेवढं भाकरीच्या एका घासात पण असतं. मग त्यानं पुडीत बोट घालून चाखून बघितलं, मी काही भलतंच आणवलं नाही ना म्हणून. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

"वजन कशावर करणार?" सुकुमारनं विचारलं.

मी दारातून सोप्यातल्या आण्णांकडं बघितलं. ते भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले, "माझ्या तराजूवर."

आण्णांचा तराजू म्हणजे हाताच्या पंजाएवढी पितळी पारडी आणि बारीक दांडी, शिसवी पेटीत मखमलीवर ठेवलेली. कारखान्यात वीज आणि आकड्यांचे काटे आले तरी आण्णांनी तो मोडीत काढला नाही. खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजली जायची, हातोड्या, चिमटे, पट्ट्या, आणि तराजू घासून पुसून पाटावर ठेवायचं काम माझं. सुकुमारचं नव्हे, माझं. मी सात वर्षांची असताना आण्णांनी माझ्या हातात दांडी दिली आणि म्हणाले, काय पण कर, पद्मा, चोरी कर, शिवी दे, एक वेळ चालेल, पण मापात पाप नको. लग्न झालं, सांगलीला गेले, नोकरी लागली, तरी त्या दिवशी मी हुपरीला यायची, तराजू घासायची आणि परत जायची. सुकुमारला ते कायम खुपायचं. आणि मोजायला लागलं की पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, हेही मला आण्णांनीच शिकवलं. लाभ, दोन, तीन. धान्य असो, घुंगरं असोत, की गिऱ्हाइकासमोर ओतलेला चुरा.

मी तराजूवर पाच ग्रॅम ग्लुकोज तोललं. उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवलं आणि पिशवीतून कॉलेजातला ड्रॉपर काढला. किती वेळ किती करंट गेला यावरून चांदी किती सुटली ते पाटीवर काढलं, आणि उत्तर आलं दहा थेंब. ते मी मोठ्यानं सांगितलं, सुकुमारनं ते खडूनं भिंतीवर लिहिलं. दहा. नंतर भांडायला काही राहायला नको, म्हणाला.

बरणी तापवून आत आणली. आण्णांनीच सांगितलं, माझ्यासमोर करा. खाटेजवळच्या स्टुलावर बरणी ठेवली. सुकुमारजवळ लाल उजेडाची एक छोटी बॅटरी होती, तिची रेघ पाण्यातून मारली की चांदीचे कण झाले की नाही ते दिसतं. त्याला अंधार लागतो, म्हणून तो खिडक्या लावायला गेला. आमच्या सोप्याला पाच खिडक्या, सगळ्या जुन्या, एकीचीही कडी धड लागत नाही. शैला स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. दिवस मावळायच्या आत जेवणं आटपायची आमच्या घरात रीत.

मी ड्रॉपर भरला आणि बरणीवर धरला. सुकुमार पाठमोरा कडीशी झटत होता. "मोठ्यानं मोज," तो तिकडूनच म्हणाला.

"लाभ," मी म्हटलं. थेंब पडला. "दोन. तीन. चार."

चारही थेंब मी सचोटीनं टाकले. हे मी मुद्दाम सांगते, कारण मी ठरवून बसले नव्हते. चौथ्याला आण्णांनी पाय हलवला आणि वरचा कपडा सरकला. करंगळीच्या शेजारचं बोट आता सकाळसारखं नव्हतं. सकाळी ते लाल होतं. आता नखाच्या मुळापासून काळसर रेघ वर चढली होती, पेन्सिलीनं ओढावी इतकी बारीक. एका दिवसात एवढी. आठ दिवसांत कुठं जाईल त्याचं गणित मला बरणीतल्या गणितापेक्षा सोपं होतं.

"पाच," मी म्हटलं, आणि बोटं दाबली नाहीत. "सहा." हात तसाच बरणीवर. "सात. आठ. नऊ. दहा."

आवाज माझा जराही हलला नाही. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तोंडानं एक आणि हातानं एक केलं, आणि इतकं सहज जमलं की मला माझीच भीती वाटली. उरलेलं पाणी मी पदराच्या टोकात पिळून टाकलं. आण्णांचे डोळे मिटलेले होते. मोतीबिंदूचे डोळे, उघडे असते तरी काय फरक पडणार होता? मी बरणी ढवळली आणि झाकून ठेवली.

अर्ध्या तासानं रंग चढायला लागला. आधी पिवळा आला, आणि मला वाटलं चार थेंबांतच होतंय की काय. सुकुमारनं लाल रेघ मारली, आत धूसर उजेड दिसला, त्याचं तोंड फुललं. मग पिवळ्याचा करडा झाला. मग तपकिरी. शैलानं ताटं वाढायच्या सुमाराला बरणीच्या बुडाला काळी गादी बसली होती आणि वरचं पाणी मळकट झालं होतं.

सुकुमारनं बरणी उचलून खिडकीशी नेली, हलवली, परत बघितली. मग माझ्याकडं वळला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता आणि तो मला ओरडण्यापेक्षा जास्त टोचला.

"तू काहीतरी केलंस."

मी म्हटलं, काय केलं? ग्लुकोज तू चाखलंस. तोल तू बघितलास. आकडा तू लिहिलास.

"तू थेंब कमी टाकलेस नाहीतर जास्त टाकलेस. मी पाठमोरा होतो. तुला कापायचाच होता पाय, पहिल्यापासून. तू आमच्या घरात येऊन, आण्णांच्या तराजूवर, आण्णांसमोर..."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याला ते मला दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून तो अजून रागावला. शैला झाऱ्या हातात घेऊन दारात उभी होती. खोटं मी हातानं केलं होतं, तोंडानं आणखी एकदा करायला जीभ उचलत नव्हती.

खाटेवर दोनदा वाजलं.

"सुकुमार, गप," आण्णा म्हणाले. "तिनं दहा टाकले. मी मोजले."

"आण्णा, तुम्हाला दिसत नाही."

"ऐकू येतंय. दहा पडले."

ज्या कानानं चांदीतली अर्ध्या टंचाची खोट ओळखली, तो कान सांगत होता. सुकुमारनं बरणी मागच्या मोरीत ओतली, भिंतीवरचा दहाचा आकडा हातानं पुसला, आणि त्या दिवशी जेवला नाही. मी जेवले. माझा जीव हलका झाला होता. बेरकेपणानं का होईना जिंकले होते, आणि आण्णांनी चुकून का होईना माझी बाजू घेतली होती. मोतीबिंदू कानात पण उतरला म्हणायचा, असं मनात म्हटलं आणि दुसरी भाकरी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा मुकाट्यानं गाडीत बसले. सुकुमारनं त्यांना उचलून बसवलं, पायाखाली उशी दिली, दार लावलं. माझ्याशी बोलला नाही. मिरजेला डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि मला बाजूला घेऊन विचारलं की एवढे दिवस कशाची वाट बघत होता. त्यांनी दोन बोटं काढली, तळव्याचा थोडा भाग काढला. रविवारपर्यंत थांबला असता तर घोटा गेला असता, म्हणाले. पाय राहिला.

तिसऱ्या दिवशी सुकुमार डबा आणायला खाली गेला होता. मी आण्णांना चमच्यानं पेज देत होते. त्यांनी दोन चमचे घेतले आणि तिसऱ्याला तोंड मिटलं.

"चारच पडले," ते म्हणाले.

माझा चमचा तसाच राहिला.

"तोंडानं दहा म्हणालीस. चार पडले. पाचवा मी बराच वेळ ऐकत होतो, वाटलं आता पडंल."

मी विचारलं, मग तुम्ही दहा का सांगितलं?

"सांगतो. ज्या पोरीनं सात वर्षांची असल्यापासून मापात पाप केलं नाही, ती माझ्यासमोर करती. म्हणजे माझं मरण तिला दिसलं असणार. डॉक्टर बोलला ते मी मानलं नाही. पाचवा थेंब पडला नाही, तेव्हा मानलं." त्यांनी पाण्याचा पेला मागितला, अर्धा प्याले. "सुकुमारला खरं सांगितलं असतं तर त्यानं मला येऊ दिलं नसतं. म्हणून बोललो."

मी रडायला लागले होते. मी सहसा रडत नाही, रडले की माझंच मला चमत्कारिक वाटतं. मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी हात काढून पांघरुणात घेतला.

"जीव वाचवलास. ते झालं," ते म्हणाले. "पण आता माझ्या तराजूला हात लावायचा नाही. तू खोटं मोजलंस, आणि पोटच्या पोराला मला खोटं माप सांगायला लावलंस. उपकार वेगळे, तराजू वेगळा."

मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार होते? तेवढ्यात सुकुमार डबा घेऊन आला आणि आम्ही दोघंही भाजी कसली आहे त्याबद्दल बोलायला लागलो.

आण्णा त्यानंतर अकरा वर्षं जगले. करून घेतलेल्या चपलेवर चालायचे, थोडे वाकडे, पण रोज कारखान्यापर्यंत. माझ्याशी पहिल्यासारखंच बोलायचे, माझ्या हातची आमटी मागून खायचे, माझ्या पोरीच्या लग्नात मांडवात बसले. फक्त खंडेनवमीला मी गेले की तराजू आधीच घासून पाटावर ठेवलेला असायचा. सुकुमारनं घासलेला. दरवर्षी तो माझ्याकडं बघायचा, जिंकल्यासारखं, आणि का ते त्याला माहीत नसायचं. मी पाटाच्या चार हात लांब उभी राहून हळदकुंकू बघायची. चांदीचं पाणी त्यानं त्या दिवसापासून बंद केलं होतं. आण्णांचा कान म्हणाला दहा, म्हणजे पाणीच खोटं, असं त्यानं धरलं. मधल्या काळात एकदा शैला मला म्हणाली होती की सुकुमार अधूनमधून झोपेत दचकून उठतो, आण्णांचा पाय माझ्यामुळं गेला असता म्हणतो. मी ते ऐकून घेतलं आणि सांगलीला परत आले.

आण्णा गेले त्या वर्षीची खंडेनवमी. सुकुमारनं शिसवी पेटी माझ्यापुढं आणून ठेवली. साठीचा झाला होता, केस पांढरे. माझ्या तोंडाकडं न बघता म्हणाला, "आण्णा का तुला हात लावू देत नव्हते ते मला ठाऊक नाही. तुझंच काम होतं हे. घास, आणि घेऊन जा घरी. मी काट्यावर तोलतो आता."

इतक्या वर्षांत त्यानं मला दिलेली ती पहिली वस्तू होती. मी हात पुढं केला, मखमलीला बोट लागायच्या आत मागं घेतला, आणि त्याला सांगितलं. चार थेंब, दहाची मोजणी, आण्णांचा कान, दवाखान्यातली पेज. सगळं, खाली बघत, एका दमात.

मला वाटलं आता शिव्या देईल, आणि त्या खायची माझी तयारी होती. खरं तर मला त्या पाहिजेच होत्या.

"दहा टाकले असतेस तर सोनेरी झालं असतं?" त्यानं विचारलं.

"झालं असतं."

"म्हणजे पाणी माझं बरोबर होतं."

मी म्हटलं, सुकुमार, त्या पाण्यानं पाय बरा झाला नसता. आण्णा गेले असते.

"ते मी विचारलं नाही," तो म्हणाला. "अकरा वर्षं मी माझ्या हाताला दोष देतोय. पाणी बरोबर होतं. माप तुझं खोटं होतं."

"होय," मी म्हटलं.

त्यानं पेटीचं झाकण लावलं, दोन्ही हातांनी उचलली, आणि परत फडताळात ठेवून कुलूप घातलं.